एक जुनी वर्गणी आणि लिंप्सफील्डचं चर्च

सप्रेम नमस्कार.

मंडळाची उन्हाळी सहल यंदा समुद्रावर नाही. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या लिंप्सफील्ड गावी सेंट पीटर चर्च बघायला जाणार आहोत. रिकाम्या हाताने जायचं नाही, असंही कार्यकारिणीने ठरवलं आहे. हे आवाहन त्यासाठीच.

"सहल, आणि चर्चला?" हा प्रश्न बैठकीतच आला होता, तेव्हा आधी कारण सांगतो. या चर्चच्या आवारात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पुरलेलं आहे. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला प्रतिनिधी, होता तो, आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. लोकलमध्ये आपण ज्याला 'अल्फिस्टन' म्हणायचो आणि जे आता प्रभादेवी झालं, ते स्टेशन याच्या नावाचं नव्हे. ते याच्या पुतण्याचं, लॉर्ड एल्फिन्स्टनचं. कॉलेज मात्र याच्याच नावाचं. विलायतेत परतल्यावर अखेरची वर्षं तो लिंप्सफील्डच्या हुकवुड या घरात राहिला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी तिथेच वारला.

त्याच्यावर फुलं वाहायला आपण चाललेलो नाही. त्याने राज्य घेतलं ते घेतलंच. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, पेशव्यांच्या फौजेने संगमावरचा त्याचा बंगला पुस्तकांसकट जाळला आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी उरला, हे आपल्यातल्या काहींना आजही मनातून बरं वाटतं. (मलाही. पुस्तकांचं तेवढं वाईट वाटतं.) पण त्याच माणसाच्या अमदानीत, पेशवे ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेच्या पैशातून विश्रामबाग वाड्यात १८२१ साली पाठशाळा सुरू झाली, हेही खरं आहे.

आमचा मुद्दा मात्र तो मुंबईहून गेला त्या वर्षाचा आहे. १८२७ मध्ये तो मुंबई सोडून निघाला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्या नावाने वर्गणी काढली. दोन लाख रुपयांच्या वर जमले. पुतळा उभारून ते संपवले नाहीत. इंग्रजी आणि युरोपातली शास्त्रं शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या पगारासाठी ठेवले. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभं राहिलं. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे तिथले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातला पहिला इंग्रजी शिकलेला माणूस कुठून कुठे पोचला याचा माग काढत गेलं, तर कुठेतरी या वर्गणीची पावती सापडेल. ज्याच्या नावाने ती वर्गणी निघाली, तो जिथे पडून आहे तिथे आपण इतकी वर्षं अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो आणि फिरकलो नाही.

आता चर्चविषयी. मनोरा बाराव्या शतकातला आहे. म्हणजे देवगिरीला यादव होते तेव्हाचा. गावच त्याहून जुनं. नॉर्मन राजा विल्यमने ते बॅटल ॲबीच्या मठाला दिलेलं होतं. आम्ही तिघं ऑक्टोबरात जागा बघून आलो. पाऊस नुकताच उघडला होता. एका थडग्यावरचं नाव लागत नव्हतं, तेव्हा आमच्या खजिनदारबाईंनी शेवाळाला हात न लावता, शाळेत पाटीवर गिरवतात तसं खाचेतून बोट फिरवून ते वाचून दाखवलं. एल्फिन्स्टनचं नव्हतं ते; कुणा गावकऱ्याचं होतं.

याच आवारात संगीतकार डीलियस आहे. तो फ्रान्समध्ये १९३४ ला वारला. इंग्लंडच्या दक्षिणेला एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात आपल्याला पुरावं, ही त्याची इच्छा होती. म्हणून पुढच्या मे महिन्यात त्याला इथे आणलं आणि मध्यरात्री कंदिलांच्या उजेडात पुरलं. त्याचं संगीत वाजवणारा वाद्यवृंदाचा संचालक टॉमस बीचमही १९९१ पासून जवळच आहे. चेलोवादक बिॲट्रिस हॅरिसनही इथेच. १९२४ च्या मे महिन्यात बीबीसीने तिच्या बागेतून तिचा चेलो आणि झाडावरचा नाइटिंगेल पक्षी एकत्र ऐकवले होते, ती बागही याच भागातली. सहलीसाठी मे का निवडला, ते आता कळलं असेल.

पैशांचं असं आहे. फ्रान्समध्ये जुनी चर्चं बहुतेक सरकारच्या किंवा गावच्या मालकीची आहेत. इंग्लंडमध्ये तसं नाही. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० इमारती आहेत, त्यातल्या १२,००० हून अधिक संरक्षित यादीत, आणि प्रत्येकीची डागडुजी त्या त्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, समितीच्या गळ्यात. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञ येऊन तपासतो आणि कामांची यादी देतो. पन्हळी, शिसं, चुन्याचे सांधे, सगळं. सिमेंट थापून मोकळं होता येत नाही. जुन्या दगडाला चुनाच लागतो, आणि ते जाणणारे गवंडी स्वस्त नसतात. रविवारी प्रार्थनेला येतात तेवढ्याच माणसांच्या खिशातून हे चालतं. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांनी पाहिलाय त्यांना आणखी सांगायला नको.

तेव्हा विनंती अशी: दर घरी दहा पौंड. अधिक दिलेत तर आनंद, विद्यार्थ्यांनी काही देऊ नये. मंडळाच्या खात्यात पैसे पाठवू नका. इथे कर भरणाऱ्यांनी चर्चच्या गिफ्ट एडच्या पाकिटावर स्वतःचं नाव-पत्ता लिहून त्यात घातले, तर प्रत्येक पौंडामागे सरकारकडून चर्चला आणखी पंचवीस पेन्स मिळतात. मंडळामार्फत एकगठ्ठा दिले तर हे वरचे पेन्स बुडतील. येता येणार नसेल तर रक्कम बंद पाकिटात खजिनदारांकडे द्या. किती पाकिटं पोचवली ते गटावर कळवू; कोणी किती घातले ते विचारणार नाही.

पैशांइतकीच गाड्यांची गरज आहे. ऑक्स्टेड स्टेशनपासून चर्च साधारण मैलभर आहे आणि सात-आठ ज्येष्ठ मंडळींना तेवढं चालवणार नाही. ज्यांच्या गाडीत दोन जागा मोकळ्या असतील त्यांनी आधी कळवावं. बाकीच्यांनी ईस्ट क्रॉयडनला ऑक्स्टेडची आगगाडी पकडावी.

सकाळी प्रार्थना असते, म्हणून आपण दुपारी दोनला पोचायचं. चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी काढायची. मुलांना थडग्यांवर चढू देऊ नका. डबे आवारात उघडायचे नाहीत. वर लिंप्सफील्ड कॉमनवर झाडाखाली बसू. थालीपीठं आणि दह्याची जबाबदारी घेतली गेली आहे, लसणाच्या चटणीला अजून कोणी हात वर केलेला नाही.