जाऊ सापडली, सर!

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. फोनवर आभार मानले की तुम्ही "अहो, त्यात काय!" म्हणून विषय बदलता.

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या चोविसाव्या सर्गात हेलन आपल्या दिराच्या, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या, कलेवरापुढे शोक करते, तो उतारा मी मराठीत आणत होते. सासरचं कुणी मला टाकून बोललं तर तूच त्यांना आवरायचास, म्हणते ती. माझ्या इंग्रजी प्रतीत नुसतं 'सिस्टर्स-इन-लॉ'. म्हणजे नणंदा की जावा? एका विद्वानांना विचारलं, तर "काय फरक पडतो, बाई?" दुसऱ्यांनी मेलला उत्तरच दिलं नाही. काय फरक पडतो! एकत्र कुटुंबात वीस वर्षं काढलेल्या बाईला हे सांगताय?

तुम्ही मात्र ग्रीक ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द सोडवलात. दाएर म्हणजे संस्कृत देवृ, आपला दीर. मधला व त्यांनीही गाळला, आपणही. हेकुरॉस म्हणजे श्वशुर, तिकडे 'स्व'चा ह झाला. आणि एइनातेर? संस्कृत यातृ. जाऊ! ट्रॉयच्या राजवाड्यात माझी जाऊ निघाली की हो.

पण सर, खरे आभार दुसऱ्या दिवशीच्या फोनचे. सकाळचे पावणेसात, माझा चहा गॅसवर. "काल बोलण्याच्या भरात ग्रीक गालोओस आणि संस्कृत ननान्दृ एकच म्हणालो. चुकलं माझं. अर्थ नणंदच, पण शब्द वेगळ्या मुळाचा. छापायच्या आधी काढा." रात्रभर डोळा लागला नाही म्हणालात. मला ती चूक जन्मात कळली नसती. चहा उतू गेला, आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी. मोठमोठ्या पदांवरची माणसं पाहिलीत मी, 'चुकलं' म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते त्यांची.

पूर्ण उतारा जाऊबाईंना वाचून दाखवला. "म्हणजे तिलाही जावा बोलायच्या?" "सासूसुद्धा," मी म्हटलं. "सासरा तेवढा बापासारखा."

रविवारी येतेय. ग्रीकांचा भाऊ आदेल्फॉस म्हणजे एका गर्भातला, आपला सहोदर, हे कळलं. पण भ्रातृचा भाऊ शोभणारा फ्रातेर हा शब्द ग्रीकांनी सख्ख्या भावाला न ठेवता भावकीत का ढकलला, ते राहिलंय.

तुमची,
उशिरा शिकायला लागलेली विद्यार्थिनी