तीन सेंटिमीटर

इंडियाना
9 नोव्हेंबर 2025, रविवार रात्र

प्रिय मिल्या,

तुझा 26 सप्टेंबरचा मेसेज सहा आठवडे तसाच पडून आहे. चंदीगडला मिग-21 लढाऊ विमानांचा निरोप समारंभ चालू होता, काका टीव्हीसमोरच्या खुर्चीतून उठून उभे राहिले आणि शेवटचं विमान उतरेपर्यंत बसलेच नाहीत, एवढंच तू लिहिलं होतंस. खाली काही नाही. मी तो मेसेज रोज उघडला आणि रोज बंद केला. काय लिहायचं ते कळत होतं, लिहायचं धाडस होत नव्हतं. फोनवर तर तुझा आवाज ऐकून मी विषयच बदलला असता. म्हणून पत्र.

प्रकृती ठीक. गुडघा जुनाच.

मिल्या, मी मिग बांधलं आहे. चार वर्षं झाली, तुला सांगितलं नाही. 1:5 मापाचं, रिमोटवर उडणारं, टाइप 77, म्हणजे ओझरच्या कारखान्यात बनायचं ते काकांचं एफएल. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 1.43 मीटर आणि नाकावरच्या वेग मोजणाऱ्या पिटॉटच्या दांडीसकट लांबी तीन मीटरच्या वर. गॅरेजमध्ये तिरकं ठेवावं लागतं. आत खरं टर्बाइन आहे, छोटं जेट इंजिन, 14 किलो रेट्याचं. आयडलला मिनिटाला 33,000 फेरे, पूर्ण थ्रॉटलला सव्वा लाख. पितं काय? रॉकेल! पाच टक्के टर्बाइन ऑइल घातलेलं रॉकेल. पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्टार्टरची बारीक शीळ आली, मग आत भप्प झालं, मग तो आवाज चढत गेला, आणि मागून जो गरम वास आला ना, तो काकांच्या शर्टाचा वास होता. विमान कारखान्याची बस आल्यावर आपण दोघं धावत जायचो तेव्हाचा. मी टर्बाइन बंद केलं. थंड व्हायला वेळ लागतो, स्टार्टरची मोटर स्वतःच ते फिरवत राहते. तेवढा वेळ मी जमिनीवर बसून होतो.

सांगितलं का नाही, ते तुला माहीत आहे. 2003 ची दिवाळी. काका त्याच वर्षी रिटायर झाले होते. मी अमेरिकेतून आलेला, चार इंग्रजी मासिकं वाचलेला, तुमच्या ताटावर बसून म्हणालो, ‘काका, शेवटी ती उडती शवपेटीच ना.’ काका काही बोलले नाहीत. ताटातली करंजी तशीच ठेवून हात धुवायला उठले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर गच्चीत तू मला जे बोललास ते सगळं बरोबर होतं. फक्त ‘तू ओझरचा राहिला नाहीस’ एवढं म्हणायला नको होतंस. त्यावर मी बावीस वर्षं रागावलेलो आहे, आज सोडून देतो.

बांधताना मला ते विमान कळलं रे. खऱ्याच्या पंखाचं क्षेत्रफळ 23 चौरस मीटर, एवढ्यावर आठ टनांच्या आसपासचं लढाऊ विमान. पातळ, छोटा, मागे झुकलेला त्रिकोणी पंख. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाण्यासाठी केलेला पंख हळू उडताना मदत करत नाही, म्हणून धावपट्टीला चाकं टेकतात तीच ताशी 300 किलोमीटरच्या आसपास. त्यावर विशीतली पोरं शिकत होती, कारण मधल्या पायरीचं जेट ट्रेनर हवाई दलात यायला 2008 उजाडलं. हे सगळं मला त्या ताटावर माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना मी ते त्या माणसाला म्हणालो, ज्याने 1966 पासून त्या विमानाला रिव्हेट मारले.

रिव्हेटांचंच सांगतो. फायबरग्लासच्या अंगावर चिकटणारा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला, एकेक पॅनेल वेगळं. मग पितळी नळीचं टोक सोल्डरिंग आयर्नला बसवून प्रत्येक रिव्हेटचा गोल उठवायचा. एका बाजूचा पंख करायला दोन महिने लागले. अकराव्या पॅनेलला माझी ओळ वाकडी गेली, तर मी आपोआप मागे वळून बघितलं, काका उभे आहेत की काय! ‘पुन्हा मार’ म्हणायचे ना ते, तुझ्या वहीतल्या समासालासुद्धा. काढलं आणि पुन्हा मारलं.

आणि चाकं! आठवतं, ओट्यावर काकांनी उदबत्तीची काडी आणि बाटलीचं बूच घेऊन दाखवलं होतं, मिगचं मागचं चाक कसं आत जातं ते? पाय पंखात आडवा होतो, पण पंख इतका पातळ की चाक मावत नाही, म्हणून चाक पायाभोवती फिरून विमानाच्या पोटात उभंच्या उभं जाऊन बसतं. तू म्हणालास, ‘असं होऊच शकत नाही,’ आणि बूच हिसकावून घेतलंस. माझ्या किटमधलं यंत्र अडकत होतं, तीन आठवडे. शेवटी मी स्वयंपाकघरातून काडी आणि बूच आणलं. अर्ध्या तासात कळलं की फिरवणारा दांडा दोन मिलिमीटर लांब होता. तेव्हा तुझं म्हणणं अजून खोटंच आहे, मिल्या, चाक जातं आत.

आता ज्यासाठी लिहितोय ते. विमान तयार आहे आणि मला ते उडवता येत नाही. टर्बाइन उडवण्याची परवानगी आहे, क्लबच्या जाणत्या माणसांसमोर परीक्षा देऊन घेतलेली. दुसरी दोन जेट मी तीन वर्षं उडवतो आहे. पण हे घेऊन तीन शनिवार धावपट्टीच्या टोकाला गेलो आणि तिन्ही वेळा परत आणलं. काल तर टाकी भरली, नळीतला एकेक बुडबुडा काढला (पंपात हवा गेली की टर्बाइन विझतं, म्हणून पंपाआधी एक छोटी टाकी फक्त हवा अडवायला असते), फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटला तर काय करायचं ती सोय) तपासलं, अग्निशामक घेऊन एकजण मागे उभा राहिला, सगळं झालं. थ्रॉटल पाऊण पुढे नेला. विमान धावलं. पुढचं चाक हलकं होताना दिसलं, आणि माझ्या अंगठ्याने थ्रॉटल मागे ओढला. मी नाही, अंगठ्याने. ब्रेक लावून पट्टीच्या टोकाशी थांबलं. सगळे म्हणाले वारा आडवा होता. वारा नव्हता.

भीती कसली ते फक्त तुला सांगू शकतो. ते पडलं, तर मी काकांच्या विमानाबद्दल जे म्हणालो होतो ते माझ्याच हाताने पुन्हा म्हणेन. पैसा गेला, चार वर्षं गेली, त्याचं मी बघेन. पण जमिनीत घुसलेलं टाइप 77, धूर, आणि रिमोट हातात घेतलेला मी. तो फोटो मी तुला कुठल्या तोंडाने पाठवू?

आणि अडलंय कशावर? सीजीवर, विमान जिथे तोललं जातं त्या बिंदूवर. हस. 1989 पासून मी आणि तू त्यावरच अडलो आहोत. दोन तारांवर गोल फिरणारं ते पिवळं विमान, अडीच सीसीचं डिझेल इंजिन, काकांनी पगारातून घेऊन दिलेलं. तू म्हणालास नाकात शिसं घाल, शेपूट जड आहे. मी म्हणालो वजन वाढेल. अर्धी फेरी. सरळ वर गेलं, पाठीवर पडलं, इंजिनाचा क्रँकशाफ्ट वाकला. तू दोन महिने बोलला नाहीस, आणि काकांनी दोघांना एकाच बाकावर बसवून वाकडा शाफ्ट हातात दिला. रागावले नाहीत, हेच वाईट होतं. तो शाफ्ट तू पळवलास ते मला माहीत आहे.

तर ऐक. किटच्या माहितीपुस्तकात सीजीची एक खूण दिली आहे. आमच्या मैदानावर एक म्हातारा आहे, चाळीस वर्षं जेट बांधतोय, तो म्हणतो, पहिल्या उड्डाणाला त्या खुणेच्या तीन सेंटिमीटर पुढे ठेव. त्रिकोणी पंखात, शेपटीचे आडवे पंख अख्खेच फिरत असताना, सीजी मागे राहिला तर विमान स्वतःहून नाक वर करतं आणि मग अंगठ्याच्या हातात काही राहत नाही. पण जास्त पुढे नेला तर नाक उचलायलाच वेग लागतो, उतरताना वेग आणखी वाढतो, आणि आमची पट्टी सव्वादोनशे मीटरची आहे.

मी तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोललं. इंधनाशिवाय एकूण 14 किलो. पुढच्या चाकावर 1.9, मागच्या दोहोंवर मिळून 12.1. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर 94 सेंटिमीटर. म्हणजे सीजी मागच्या चाकांच्या 12.8 सेंटिमीटर पुढे आला. तो बरोबर पुस्तकातल्या खुणेवर आहे. तीन सेंटिमीटर पुढे न्यायचा तर नाकाच्या शंकूत, 130 सेंटिमीटर पुढे, सव्वातीनशे ग्रॅमहून थोडं जास्त शिसं लागतं. दुसरीकडे जागाच नाही, बाकी सगळं नाक हवेच्या वाटेचं आहे. आता खरी मेख: टाकी सीजीच्या 8 सेंटिमीटर पुढे आहे. चार लिटर रॉकेल म्हणजे 3.2 किलो. भरलेलं असताना सीजी दीड सेंटिमीटर पुढे असतो आणि उडताना तेवढाच मागे सरकतो. म्हणजे शेपूट सगळ्यात जड कधी? उतरताना. जेव्हा वेग सगळ्यात कमी असतो तेव्हा.

माझा हिशोब पुस्तकाच्या आणि म्हाताऱ्याच्या आकड्यांच्या मधला येतो, कधी इकडे, कधी तिकडे, आणि रात्री दोनला उठून पुन्हा करतो. माझा माझ्यावर विश्वास नाही, कारण या एका गोष्टीत मी एकदा चुकलो आहे आणि तू एकदा बरोबर होतास. पंखाची सगळी मापं मागच्या पानावर काढली आहेत, मुळाशी, टोकाशी, झुकाव 57 अंश. तू कर. पेन्सिलीने, तुझ्या त्या चौकटीच्या वहीत. माझं उत्तर मुद्दाम देत नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाची नाही. काकांना सांगायचं का? मनात येतं की उडवताना व्हिडिओ कॉल लावावा, त्यांनी ओझरच्या घरात बसून बघावं. लगेच मनात येतं, ऐंशी पार केलेल्या माणसाला, नुकत्याच मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, हे पडताना दाखवायचं? आधी उडवून मग दाखवलं तर ते फसवल्यासारखं होईल. काका कधी फक्त उडालेलं विमान बघत नव्हते. चाचणीला जाणाऱ्या प्रत्येक विमानासाठी शेडबाहेर येऊन उभे राहायचे, परत येईपर्यंत. तू त्यांचा मुलगा आहेस, तू ठरव. आणि त्या करंजीबद्दल मी त्यांच्याशी स्वतः बोलायचं आहे, ते मात्र तुझ्यावर टाकत नाही.

ऑक्टोबरमध्ये ओझरहून पहिलं तेजस मार्क वन-ए, ते नवं लढाऊ विमान, उडालं, तेव्हा काका काय म्हणाले ते लिही.

तुझं विचारलंच नाही. द्राक्षबागेची छाटणी झाली ना? पक्या म्हणत होता पावसाने घड जिरलेत, तुझ्याकडे किती? सईला पुण्याला मिळालं का, की नाशिकलाच? वहिनींना सांग, त्यांनी दिलेला मेतकुटाचा डबा मी अजून पुरवून खातो आहे.

पुढच्या शनिवारी हवा चांगली आहे असं दाखवतात. शुक्रवारपर्यंत फक्त एक आकडा पाठव, सेंटिमीटरमध्ये. कारण लिहू नकोस. शिशाचे तुकडे तोलून पाकिटात ठेवले आहेत, आणि शंकूचे चारही स्क्रू मी अजून घट्ट केलेले नाहीत.

तुझा,
संज्या