दिव्यांगाची पात्रता कुटुंबाच्या उत्पन्नावर का?

महोदय,

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झाले, याबद्दल शासनाचे मनापासून आभार. परंतु किमान ४० टक्के दिव्यांगत्व असले तरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये असावे, ही अट कायमच आहे आणि आमच्यासारखी घरे तिथेच अडतात.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असून प्रमाणपत्रावर ७५ टक्के दिव्यांगत्व नोंदले आहे. त्याला भरवणे, उचलून न्हाणीत नेणे, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणे हे सारे आई करते, त्यामुळे तिला मजुरीला जाता येत नाही. वडील कळमना बाजारात हमाली करतात. उत्पन्नाचा दाखला १,२०,००० रुपयांचा निघाला आणि अर्ज नामंजूर झाला. वडिलांचे काम सुटले की पुन्हा या, असे खिडकीवर सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा त्यात दोष नाही, नियमच तसा आहे. महिन्याचे डायपर, फिजिओथेरपी, दर वेळी करावा लागणारा ऑटो आणि आईची बुडालेली मजुरी यांसाठी त्या दाखल्यात रकानाच नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव आणि ८० टक्के दिव्यांगत्व लागते, तेव्हा तोही मार्ग बंद.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य मिळायला हवे. असे असताना लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आणि दिव्यांगासाठी मात्र तिचा पाचवा हिस्सा, हे कोणत्या न्यायाने? त्या बहिणींना मिळू नये असे मी मुळीच म्हणत नाही.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दिव्यांगाचे स्वतःचेच उत्पन्न पाहावे आणि हा बदल होईपर्यंत निदान कुटुंबाची मर्यादा अडीच लाखांपर्यंत न्यावी, अशी विनंती आहे. दर हिवाळी अधिवेशनात दिव्यांग बांधव कुबड्या आणि तीनचाकी घेऊन नागपुरात मोर्चाने येतात. विदर्भातील आमदारांनी यंदा हा प्रश्न सभागृहात मांडावा.

– एका दिव्यांगाची बहीण, पारडी, नागपूर