बूस्ट कंट्रोलरची नळी कुठून घ्यायची ते नीट छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वाचकांच्या गाडीच्या प्रश्नांना उत्तरं देतात ते सदर आमच्याकडे गॅरेजात सगळे वाचतात. मागे कुणीतरी विचारलं होतं की जुन्या टर्बो पेट्रोल गाडीला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर (टर्बो इंजिनात जे जादा हवेचं प्रेशर भरतो ते बूस्ट, ते हाताने वाढवायचा छोटा व्हॉल्व्ह) लावायचाय, नळी कुठे जोडू, आणि उत्तर छापून आलं की इंजिनावरची कुठलीही व्हॅक्यूमची नळी कापा, मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाका, झालं काम. हे उत्तर चुकीचं आहे. पोरं पेपरात आलं म्हणजे खरं मानून तसंच करतात, म्हणून लिहितोय.

टर्बोच्या बाजूला डब्यासारखा ॲक्चुएटर असतो, त्यात हवेचं प्रेशर गेलं की आतला पडदा दांडी ढकलतो, वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि सायलेन्सरकडे जाणारा थोडा गॅस टर्बाइनला (टर्बोच्या गॅसवर फिरणाऱ्या चाकाला) न लागता बाहेरून निघून जातो, म्हणून बूस्ट एका मर्यादेत राहतं. कंट्रोलर ह्या ॲक्चुएटरच्या नळीत बसतो. आतली गोळी आणि स्प्रिंग प्रेशरला अडवून धरतात, ठरवलेला आकडा आला की सोडतात. म्हणजे सगळा खेळ ॲक्चुएटरला कुठल्या जागचं प्रेशर कळतंय ह्यावर आहे.

माझं म्हणणं सरळ आहे, नळी टर्बोच्या कॉम्प्रेसर हाउसिंगवर (हवा दाबणाऱ्या चाकाच्या कवचावर) निप्पल, म्हणजे नळी बसवायचं तोंड, असतो तिथूनच घ्या. बऱ्याच गाड्यांना कंपनीनेच तिथून ॲक्चुएटरला नळी दिलेली असते, तीच काढून मध्ये कंट्रोलर बसवायचा. नळी आखूड राहते, त्यामुळे वेस्टगेट पटकन उघडतं आणि बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळत नाही, शिवाय तिथे व्हॅक्यूम येत नाही.

मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या पाइपावरून) घेतली तर काय होतं ते आपल्या घाटात कळतं. आंबोली किंवा आंबा घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला कुठे असतो, वळणावर सोडायचा, परत अर्धा द्यायचा, असंच चालतं. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) अर्धवट मिटलेला असला की त्याच्या अलीकडे टर्बोने प्रेशर भरलेलं असतं पण पलीकडे मॅनिफोल्डमध्ये कमी असतं, कधी व्हॅक्यूमच असतो, मग ॲक्चुएटरला वाटतं अजून बूस्ट आलेलंच नाही, वेस्टगेट बंद राहतं आणि टर्बो गरज नसताना जोरात फिरत राहतो, हवा तापते, पाइपांच्या जोडांवर ताण येतो. अख्खा चढ हेच चालतं.

काहीजण म्हणतात मॅनिफोल्डचंच प्रेशर खरं, कारण इंजिनाला तेच मिळतं, इंटरकूलरमधून (तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीतून) येताना थोडं कमी झालेलं असतं. बरोबर आहे, पण त्यासाठी बूस्ट गेज मॅनिफोल्डला लावा आणि गेज बघून कंट्रोलर फिरवा. इंटरकूलरनंतर आणि थ्रॉटलच्या आधी निप्पल असेल तर तिथून घेतली तरी चालेल, नळी लांब होते एवढंच.

सगळ्यात वाईट म्हणजे बूस्टप्रमाणे पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीत टी टाकणं. कंट्रोलरला हवा सोडायचं बारीक भोक असतं, त्यातून प्रेशर गळलं की रेग्युलेटरला बूस्ट कमी दिसतं, पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) सुरू होतं आणि शेवटी पिस्टन जातो. ब्रेक हलका करणाऱ्या सर्व्होची जाड नळी तर कापूच नका हो, घाट उतरताना ती सुटली तर दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. "कुठलीही नळी" ह्या दोन शब्दांत हे सगळं येतं.

कंट्रोलरची दिशाही बघायला हवी. उलटा बसला तर वेस्टगेटला प्रेशर पोचतच नाही आणि बूस्ट वर जात राहतं, नळी निसटली तरी तेच, म्हणून दोन्ही टोकांना क्लिप पाहिजेच. सुरुवात स्क्रू पूर्ण ढिला ठेवून, मग पाव-पाव आटा. ॲक्चुएटरच्या स्प्रिंगचा आकडा अर्धा बार असेल तर कंट्रोलर त्याच्या खाली आणू शकत नाही, तेव्हा बूस्ट कमी करायला हा घेऊ नये. आणि आपल्याकडची खारी हवा आहेच, आतली गोळी साध्या लोखंडाची असेल तर गंजून अडकते, हवा सोडायचं भोक चिकट धुळीने बुजतं, रबर कडक होऊन फाटतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोलून बघावं.

डिझेलवाल्यांनी ह्याच्या नादी लागू नये, डिझेल वाढवल्याशिवाय नुसत्या हवेने ताकद येत नाही, आणि व्हीजीटी (आतली पाती फिरवून बूस्ट सांभाळणाऱ्या) टर्बोला बहुतेक वेस्टगेट नसतंच. नव्या पेट्रोल गाड्यांत बूस्ट ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळतो, सोलेनॉइडने (विजेच्या व्हॉल्व्हने) नाहीतर काहींत मोटरने, तिथे मध्ये असला कंट्रोलर घातला की ईसीयूला आकडे जुळत नाहीत, चेक लाइट लागते आणि गाडी ताकद सोडते. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच.

तेव्हा विनंती अशी की ह्या सदरात दुरुस्ती छापावी, आणि जमलं तर कॉम्प्रेसर, कंट्रोलर, ॲक्चुएटर असं साधं चित्र काढून बाणाने दिशा दाखवावी, कारण पोरं मजकूर अर्धा वाचतात आणि चित्र बघून पाना हातात घेतात.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक
कणकवली, जि. सिंधुदुर्ग