फोटो भलत्याचाच, खाट मात्र गायब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला एड्रियन स्टिमसन यांच्यावरचा लेख वाचला. रात्रीच पत्र लिहायला बसले होते, तर घरातून सल्ला आला की आता झोप, सकाळी डोकं शांत झालं की लिही. सकाळ झाली, दोन चहा झाले, डोकं आहे तिथेच आहे.

आधी आभार मानते. कॅनडातल्या ब्लॅकफूट या मूळनिवासी समाजातल्या एका कलावंतासाठी मराठी दैनिकाने अर्धं पान सोडलं, हे आजच्या काळात थोडं नाही. उरलेल्या अर्ध्या पानावर गाद्यांची जाहिरात होती, त्याबद्दलही तक्रार नाही. पण लेखासोबत छापलेला तो पिसांचा टोप घातलेला, दूर क्षितिजाकडे बघणारा म्हातारा कोण? स्टिमसन तर नक्कीच नाहीत. खाली ओळ नाही, छायाचित्रकाराचं नाव नाही. इंटरनेटवर शोधलं आणि पहिला मिळाला तो चिकटवला, असाच प्रकार दिसतो. उद्या एखाद्या मराठी चित्रकारावर लेख लिहून सोबत कुठल्यातरी फेटेवाल्याचा फोटो कोणी छापला, तर आपण केवढा गहजब करू!

फोटोचं एक वेळ सोडून देऊ. लेखातलं एक वाक्य मात्र घशाखाली उतरत नाही: 'निवासी शाळेच्या कडक शिस्तीत ही कला घडली.' लेखकमहाशयांना बहुधा पाचगणी डोळ्यांसमोर आली असावी. डोंगर, ब्लेझर, सकाळची प्रार्थना. अहो, कॅनडाच्या त्या शाळा सरकारच्या पैशाने चर्च चालवत होतं आणि 1920 च्या कायद्यानंतर तिथे मुलांना पाठवणं सक्तीचं झालं. सुमारे दीड लाख मुलं त्या शाळांतून गेली. केस कापले, बोली बंद केली, आईबापांपासून तोडलं, मारलं, आणि बरीच मुलं घरी परत आलीच नाहीत. 2008 साली त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली, ती काही कडक शिस्तीबद्दल नव्हती. स्टिमसन यांचं स्वतःचं लहानपण अशा शाळांच्या आवारात गेलेलं आहे आणि सिक्सिकांच्या (ही ब्लॅकफूटांचीच एक शाखा, स्टिमसन त्यातलेच) वस्तीतल्या ओल्ड सन शाळेशी त्यांच्या घरच्यांचा थेट संबंध आहे. अँग्लिकन मिशनची शाळा, आणि नाव मात्र सिक्सिकांच्याच एका मुखियाचं. ज्याच्या नातवंडा-पतवंडांना त्याची भाषा बोलायची बंदी, त्याचंच नाव दारावर. ह्यावर लेखात एक अक्षर नाही.

आणि ज्या कलाकृतीमुळे हा माणूस मला कळला, ती लेखातून साफ गायब आहे. 2004 सालची. मी तिचे फोटो कॅल्गरीच्या वाचनालयात पाहिले, मुलाकडे गेले होते तेव्हा. ओल्ड सन शाळेच्या जुन्या खिडक्या आहेत, तीन. काचांच्या मागे पिसं खच्चून भरलेली आणि त्यामागून उजेड. म्हणजे खिडकी आहे, उजेडही आहे, पण बाहेरचं काही दिसत नाही. समोर त्याच शाळेच्या दवाखान्यातली लोखंडी खाट. गादी नाही, नुसत्या स्प्रिंगा. त्यावर बायसनचं, म्हणजे तिकडच्या रानगव्यासारख्या जनावराचं, केसाळ कातडं माणसाच्या आकारात घडी करून ठेवलंय, आजारी पोर अंगाचं मुटकुळं करून झोपतं तसं. वरून दिवा आहे, त्यामुळे खाली फरशीवर सावली पडते. एवढंच. रंग नाही, टोप नाही, ढोल नाही. मी आयुष्यभर पोरांना 'वस्तुचित्र' शिकवलं, तांब्या, पेला आणि मागे पडदा. वस्तू इतकं बोलू शकते हे तिथे त्या पुस्तकावर वाकून बघताना जाणवलं. पुढे तर त्यांनी त्याच शाळेतला दिवाही उचलून कलाकृतीत टांगला. ज्या इमारतीने घरच्यांना गिळलं तिचेच सुटे भाग काढून साक्षीला उभे करायचे, असा हा कलावंत आहे. तुम्ही त्याला 'रंगेल अवलिया' केलंत.

तो 'रंगेल' भाग कुठून आला ते कळतं. मोत्यांची माळ, जाळीचे मोजे आणि काउबॉयची हॅट घालून स्टिमसन 'बफेलो बॉय' हे सोंग करतात, आणि लेखाचा निम्मा मजकूर त्या मोज्यांवर आहे. पण सोंग कशाचं, ते सांगायचं राहिलं. बफेलो बिल नावाचा गोरा शिकारी होता. त्याने 1883 पासून खऱ्याखुऱ्या मूळनिवासी लोकांना घेऊन तिकीट लावून गावोगाव खेळ केले. त्या खेळाची ही उलटी टर आहे. आपल्याकडे बहुरूप्याच्या सोंगाला प्रेक्षक हसतो आणि हसता हसता गप्प होतो, त्या जातीचं. आणि बायसन (तिकडे त्यालाच बफेलो म्हणतात) का, हेही लिहायला हवं होतं. ब्लॅकफूटांचं अन्न, तंबू, पांघरूण, हत्यार सगळं त्या एका जनावरातून यायचं. 1877 च्या सप्टेंबरात बो नदीकाठी ब्लॅकफूट क्रॉसिंगला सरकारसोबतच्या सातव्या करारावर सह्या झाल्या आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच कॅनडाच्या माळावरून कळप संपले. मग रेशनवर जगायचं, आणि रेशन कोणाच्या हातात, ते सांगायला नको. खाटेवर निजलेलं ते कातडं म्हणजे निव्वळ सजावट नव्हे. बाकी, हा माणूस कलाशाळेत जाण्याआधी आठ वर्षं सिक्सिकांच्या कौन्सिलवर निवडून आलेला सदस्य होता, 2010 मध्ये कॅनडाच्या फौजेसोबत कलावंत म्हणून अफगाणिस्तानात जाऊन आला आणि 2018 मध्ये गव्हर्नर जनरल पुरस्काराचा मानकरी ठरला. यातलं काहीच लेखात का नाही? मोज्यांना जागा पुरली.

शेवटी तुमच्या लेखकाने जो सुस्कारा सोडलाय, 'सुदैवाने आपल्याकडे असं काही घडलं नाही', त्यावर मात्र थोडं बोलायचं आहे. मी पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवत होते. आश्रमशाळा आणि त्या मिशनच्या शाळा एका मापाने मोजू नयेत, हे मलाही कळतं. आमच्याकडे पोरं पोलीस पाठवून उचलली नव्हती. आईबाप स्वतः आणून सोडत, दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून. पण घरची बोली वर्गात निघाली की 'नीट बोल' हा दम तिथेही होताच, आणि मला सांगायचाय तो प्रसंग भिंतीचा आहे.

एका मंत्र्यांचा दौरा ठरला. फाटकाजवळची कुंपणाची भिंत 'वारली पेंटिंग'ने सजवा असा आदेश आला. मला वाटलं, वा! माझ्या वर्गात वारली मुलीच तर होत्या. दोघींच्या आया गावात लग्नाचे चौक लिहायच्या, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करून. त्या मुलींचा हात कागदावर असा चालायचा की मी फळ्यावर काही काढून दाखवायचं सोडून दिलं होतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, मुलींना द्या भिंत. ते म्हणाले, बाई, टेंडर निघालंय.

शहरातून ठेकेदार आला. सोबत प्लास्टिकचे साचे, तेलरंगाचे डबे आणि दोन कारागीर. साचा भिंतीवर ठेवायचा, वरून रंग मारायचा, साचा पुढे सरकवायचा. पंचवीस फूट भिंत, सगळे नाचणारे एकाच उंचीचे, एकाच मापाचे. मुलींना काम मिळालं: पाण्याच्या बादल्या आणायच्या. त्यातली एक, सातवीतली, बादली खाली ठेवून खुदकन हसली. विचारलं काय झालं, तर म्हणे, बाई, ह्यांनी पाठ तारप्याकडे केलीय. खरंच, साचा उलटा लागला होता. तारपा वाजवणारा एकीकडे आणि सगळी रांग त्याच्याकडे पाठ फिरवून निघालेली. असं नाचताना कोणी करत नाही, म्हणाली, तारप्याकडे पाठ करायची नसते. मी ठेकेदाराला सांगायला गेले. 'मॅडम, डिझाइन अप्रूव्हड आहे,' एवढं बोलून तो पुढचा साचा लावू लागला.

दौऱ्याच्या दिवशी साहेबांनी भिंतीसमोर उभं राहून आदिवासी संस्कृतीवर भाषण केलं. मुली इस्त्रीच्या गणवेशात ओळीने उभ्या होत्या, त्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीचा फोटो एका दैनिकाच्या जिल्हा पानावर आला आणि त्याखाली ओळ होती: 'विद्यार्थिनींनी साकारली वारली कला.' ते दैनिक कोणतं, हे संपादकसाहेब, तुमच्या कचेरीतल्या जुन्या फायलींत सापडेल. मी सरकारी नोकरीत होते, तेव्हा गप्प बसले. ती भिंत अजून आहे म्हणे, रंग पोपडे धरून निघतोय, पाठी मात्र तशाच.

म्हणून स्टिमसन यांची खाट मला महत्त्वाची वाटते. कुठली वस्तू उचलायची, कुठे ठेवायची, दिवा कुठून सोडायचा, हे तिथे त्या घरातल्या माणसाने ठरवलं आहे. मधे ठेकेदार नाही. ओल्ड सनची ती विटांची इमारतही आता सिक्सिकांचीच आहे. शाळा 1971 मध्ये बंद झाली, त्यांनी ती पाडली नाही, तिथे स्वतःचं कॉलेज सुरू केलं आणि त्यात ब्लॅकफूट भाषा शिकवतात. मी मुद्दाम जाऊन पाहून आले. मुलगा गाडीतून उतरलाही नाही. त्याच्या मते पाहुण्यांना दाखवायचं म्हणजे बॅन्फ, आणि ते बरोबर उलट्या दिशेला आहे.

जाता जाता आणखी एक. 2024 च्या जुलैमध्ये साताऱ्याला वाघनखं आली तेव्हा तुम्ही 'वाघनखं परतली' असा आठ कॉलमी मथळा दिला होता. मी पत्र पाठवलं होतं की परतली नाहीत, लंडनच्या संग्रहालयाने तीन वर्षांसाठी उसनी दिली आहेत. त्याच पत्रात लिहिलं होतं की ब्लॅकफूटांचा मुखिया क्रोफूट याचा पोशाख इंग्लंडातल्या एक्सेटरच्या संग्रहालयाने 2022 मध्ये सिक्सिकांना कायमचा परत केला, उसना नव्हे. आणि कॅल्गरीच्या ग्लेनबो संग्रहालयाने तर 2000 सालीच 251 पवित्र वस्तू ब्लॅकफूटांच्या हवाली केल्या. तुम्ही पत्रातून छापलीत ती फक्त पहिली दोन वाक्यं, 'महाराजांच्या वाघनखांचे स्वागत' या चौकटीत. मी स्वागत केलं नव्हतं, मुदत विचारली होती. ही मुदत 2027 मध्ये संपते, तेव्हा मथळा काय द्यायचा ते आत्तापासून ठरवून ठेवा.

विनंती एवढीच. येत्या रविवारी त्या खाटेचा आणि खिडक्यांचा फोटो रीतसर परवानगी घेऊन, कलावंताच्या नावासकट छापा. गाद्यांच्या जाहिरातीशेजारी छापलात तरी चालेल.

कळावे,
एक निवृत्त कलाशिक्षिका, नाशिक रोड

(नाव छापू नये. पेन्शनच्या फरकाची फाइल अजून त्याच खात्यात पडून आहे.)