मेटल संगीत म्हणजे देवद्रोह नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात हेवी मेटल या जोरकस गिटार-ड्रमच्या रॉक संगीताला सरसकट देवद्वेष्टे ठरवण्यात आले आहे. पॉवर मेटल या त्याच्या वेगवान पण सुरेल शाखेला तरी हा आरोप लागू होत नाही, असे मला ठामपणे वाटते. ब्राझीलमधील साओ पावलो येथील 'अँग्रा' या बँडचा 'टेंपल ऑफ शॅडोज' (२००४) हा अल्बम त्यासाठी अवश्य ऐकावा.

तेरा रचनांतून उलगडणारी ही कथा अकराव्या शतकातली आहे. पोप दुसरे अर्बन यांनी १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेर्माँ येथे जेरुसलेमवर स्वारीची हाक दिली, तेव्हा 'ही देवाचीच इच्छा' अशी आरोळी उठल्याचे सांगतात. तीच आरोळी अल्बमच्या पहिल्या, मिनिटभराच्याही आत संपणाऱ्या रचनेचे शीर्षक झाली आहे. नायक याच धर्मयुद्धातील योद्धा आहे. ज्या चर्चसाठी त्याने शस्त्र उचलले, त्याच चर्चच्या आदर्शांविषयी त्याच्या मनात शंका उभ्या राहतात, पण देवाचा शोध तो सोडत नाही. ही संकल्पना बँडचे गिटारवादक राफाएल बिटेनकूर यांची. याच अल्बममधील 'द टेंपल ऑफ हेट' या गीतातील बेफाम वेग आणि ड्रमचा अखंड मारा यांना कोणी गोंगाट म्हणेल. मला मात्र धर्माच्या नावाने पेटलेल्या द्वेषाचे चित्र त्याहून सौम्य सुरांत खरे वाटले नसते.

या अल्बमचा प्राण 'लेट रिडेम्प्शन' या गीतात आहे. मृत्यूच्या दारातील योद्धा बँडचे गायक एदू फालास्की यांच्या आवाजात इंग्रजीत बोलतो आणि त्याच्या व्याकुळतेला ब्राझीलचे ज्येष्ठ गायक मिल्टन नासिमेंटो यांचा शांत, वयस्क स्वर पोर्तुगीजमधून साथ देतो. मी त्या स्वराला देवाचाच स्वर मानतो. हेच नासिमेंटो १९८०च्या दशकाच्या आरंभी आफ्रिकी गुलामांच्या वंशजांच्या वेदनेवर 'मिस्सा दोस किलोंबोस' ही प्रार्थनासंगीताची रचना करणारे संगीतकार आहेत, म्हणून त्यांची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या गायकाने पीडितांच्या बाजूने देवाला हाक घातली, त्याच्याच तोंडून तलवार चालवणाऱ्याला सांत्वन मिळते.

देवाधर्माविषयी इतक्या कळकळीने विचार करणाऱ्या संगीताला देवद्रोही म्हणणे अन्यायाचे आहे. पुरवणीत अशा अल्बमविषयी लिहिताना त्यातील गीतांचे शब्द वाचून, सर्व रचना क्रमाने ऐकून लिहिले जावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक