तान्ह्या बाळांचे जुलाब: मातांच्या बैठकीची सूचना

गटातील सर्व भगिनींना कळविण्यात येते की, येत्या बुधवारी दुपारी ३ वाजता आपल्या वस्तीतील अंगणवाडीत तान्ह्या बाळांच्या जुलाबांविषयी बैठक होणार असून, दोन वर्षांखालील बाळ असलेल्या प्रत्येक मातेने, शक्यतो सासूबाईंना बरोबर घेऊन, लसीकरण कार्डासह उपस्थित राहावे.

आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने ते पिंपात साठवावे लागते, आणि त्यात न धुतलेला हात किंवा तांब्या बुडाला की जंतू पाण्यात उतरतात. म्हणून पिण्याचे पाणी झाकून ठेवावे, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे व सहा महिन्यांवरील बाळासाठी उकळून घ्यावे. विडी वळून उठल्यावर, शौचाहून आल्यावर आणि बाळाची शी धुतल्यावर साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे.

• सहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावरचे दूध द्यावे. पाणी, मध, घुटी काहीही नको. बाटलीच्या बुचात दूध आंबून राहते, म्हणून बाटली टाळावी.
• जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरील लस ६, १० व १४ आठवड्यांना द्यावी.
• जुलाब लागल्यास दूध मुळीच तोडू नये. ओआरएसचे (जलसंजीवनीचे) मोठे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून चमच्याने पाजावे व २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. झिंकची गोळी वयानुसार किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून १४ दिवस द्यावी.

दात येताना जुलाब व्हायचेच, असे समजून थांबणे धोक्याचे आहे. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडले किंवा शीतून रक्त गेले, तर बैठकीची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.